विशेषणांचे वैरी

धाराशिव जिल्ह्यात विशेषणांचा आमच्या सरांइतका कट्टर वैरी दुसरा झाला नसेल. कळंबला राहून त्यांनी उभी हयात वर्तमानपत्रासाठी बातम्या लिहिण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर लिहायला शिकवण्याचा ऑनलाइन वर्ग काढला. बातमीदाराची खोड मात्र सुटली नाही. वर्गात कुणी ‘भव्य कार्यक्रम’ असं वाचलं, की चष्मा कपाळावर चढवून विचारणार, "भव्य म्हंजे? माणसं किती होती, जेवली किती?" घरी आलेल्या पाहुण्यानं आमटीला छान म्हटलं, तरी "छान म्हंजे तिखट का आंबट?" अशी चौकशी सुरू. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, एकदा कॅमेऱ्यामागूनच म्हणाल्या, "मला बघायला आले तवा समदे म्हणले, मुलगी लई सालस हाय. ह्यांनी माझ्या बापाला विचारलं, कशावरून?" सगळा वर्ग हसला. सरांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

मी माकणीची, अंगणवाडी सेविका. एका रविवारी मी आईवर लिहिलेला लेख वाचायला घेतला. "माझी आई फार कष्टाळू," एवढं होतंय तोच सरांनी थांबवलं. "कष्टाळू म्हंजे काय करायच्या त्या?" रानात जायची, एवढंच मला सुचलं. मी सगळ्यांसमोर फोनच बंद केला. पुन्हा त्या वर्गाला बसायचं नाही, असं ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात सर एसटीनं माकणीला हजर. मला वाटलं, माझी समजूत काढायला आलेत. पण माझ्याकडं नीट बघितलंही नाही. सरळ आईसमोर बसले. "वहिनी, तुमी काय काय कामं केली, ते सांगा."

"आमचं काय सांगायचं, भाऊ," आई म्हणाली.

सर तसेच बसून राहिले. आपण बोलावं म्हणून कुणी असं थांबलंय, हे आईला बहुधा नवीन असावं. हळूहळू ती बोलायला लागली. मी पोटात असताना ती इथल्या धरणाच्या कामावर होती. "सुरुंग उडायचा तवा समदे कानावर हात ठेवायचे," ती म्हणाली. "मी पोटावर ठेवायची. आत हिला आवाज जाऊ नये म्हणून."

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सर उठले. "बाई, आता लिहा," एवढंच मला म्हणाले, आणि चहा घेऊन परतीच्या गाडीला निघून गेले.

लेख छापून आला, तेव्हा आईनं शेजारणींना गोळा करून तो माझ्याकडून वाचून घेतला, दोनदा. मागच्या साली ती गेली. सरही आता थकलेत, वर्ग कधीमधीच घेतात. कामानिमित्त धाराशिवला गेले, की मी वाकडी वाट करून कळंबला त्यांच्याकडं जाते. ते आईचा विषय काढतात, मी बोलते, ते ऐकतात. ती त्या दुपारी बोलत होती तेव्हा समोर बसलेली माणसं म्हणजे आम्ही दोघंच.