गोधडी वरून

मंदाकिनीबाई वर्तकनगरच्या एका शाळेत मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवायच्या. आधी दोरीला स्वतः लोंबकळायच्या, मगच मुलींना चढू द्यायच्या. निवृत्त झाल्या, पण खोड काही गेली नाही.

गाडीत तान्ह्या नातवाला, अद्वयला, बसवायच्या छोट्या सीटलाही तोच न्याय. शहाडला नात्यातल्या एका बारशाला निघायचं होतं. बाईंनी गाडीत शिरून अद्वयच्या सीटवर गुडघा रोवला आणि ती सीट बांधलेला गाडीचा पट्टा असा ओढला, की मुलगा नील ओरडलाच, "आई, गाडी उपटशील!"

"उपटू दे. सीट हलली तर सांग."

सीट तसूभर हलली नाही. मग सून हेमांगीने अद्वयला मागे तोंड करून बसवलं आणि खांद्यावरचे पट्टे आवळले. पाठीखाली बाईंनीच आपल्या साड्यांची शिवलेली जाडजूड गोधडी होती. बाईंनी पट्टा चिमटीत धरून पाहिला. घट्ट होता, तरी त्यांचं समाधान होईना. त्यांनी नातवाला उचललं, गोधडी काढली आणि पट्ट्यांची लांबी तशीच ठेवून त्याला परत बसवलं. आता पट्ट्याखाली त्यांचा अख्खा हात गेला. इतका वेळ आवळलेली होती ती गोधडी, पोरगा नव्हे.

"राहू द्या ना, आई," हेमांगी म्हणाली. "किती हौसेने शिवलीत तुम्ही."

बाईंनी पट्टे नव्याने आवळले आणि गोधडी वरून पांघरली.

"दोर सैल दिसला तेव्हा कुणाच्या आईबापाची हौस बघितली नाही मी. आता माझी बघू होय?"