तिकिटं मीच काढली होती

आमच्या घरातलं माझं राज्य सकाळी अकराच्या शोला उलथलं, आणि त्या शोची तिकिटं मीच काढली होती.

सिनेमा ऐतिहासिक होता. जुलमी सुभेदार, पिचलेली रयत, मूठभर बंडखोर आणि दर दहा मिनिटांनी ढोल! गल्लीतले सगळे पाहून आले होते. आम्ही मात्र मंगळवारी गेलो, त्याला कारण होतं. माझी सून पल्लवी हिला धुळ्याच्या एका शाळेत नोकरी लागली होती, आणि रुजू व्हायची शेवटची तारीख होती तो मंगळवार. आता मी काही सुनेला नाही म्हणणारी बाई नव्हे. (पिंप्राळ्यात कोणालाही विचारा!) पंधरा दिवस ती विचारत होती, "आई, जाऊ ना मी?" आणि पंधरा दिवस मी हसून म्हणत होते, "बघू." तिचं नेमणुकीचं पत्रसुद्धा मी जपून ठेवलं होतं. कपाटात. कुलूप लावून.

माझा मुलगा नितीन मध्ये पडला. "अगं आई, तारीख निघून जाईल ना!"

"बघू. आधी सगळे मिळून सिनेमाला जाऊ."

तीन तास सिनेमा, मग हॉटेलात शेवभाजी, मग संध्याकाळ. भांडण नाही, तंटा नाही, नोकरीही नाही.

हे 'बघू' माझं नव्हे, सासूबाईंचं. बत्तीस वर्षांपूर्वी मला बोदवडच्या शाळेत नोकरी मिळत होती. तेव्हा अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या होत्या, "देखसूत." (त्या धुळ्याकडच्या. मी फक्त त्याचं शुद्ध मराठी केलं.) त्या अजून देखताहेत! मी तेव्हा रडले नाही, भांडले नाही. सासू व्हायची वाट पाहत बसले. आणि नेमकी माझी पाळी आली तेव्हा बंडाची फॅशन आली!

तर आम्ही रांगेत बसलो. नितीन, पल्लवी, मी आणि टोकाला चौऱ्याऐंशी वर्षांच्या अक्का. पल्लवीच्या मांडीवर भलीमोठी पर्स.

"सिनेमाला एवढी पर्स कशाला गं?"

"असू द्या, आई."

पडद्यावर रयतेतली एक बाई रोज अर्ज घेऊन सुभेदाराच्या दारात जायची. तो मिशीला पीळ देऊन म्हणायचा, "विचार करू." लोकांनी त्याला शिव्या घातल्या, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी घातल्या. मला बोदवडची ती शाळा आठवली. शेवटी त्या मेल्यानं तिचा अर्ज फाडला आणि ती बाई तशीच गुडघे टेकून बसलेली! मला राहवेना. मी ओरडले, "अवं, ऊठ ना वं बाई! किती दिवस मुंडी खाली घालून ऐकशीन?"

माझ्या शेजारी पल्लवी उठली.

"खाली बस. मागच्यांना दिसत नाही."

"तुम्हीच म्हणालात ना, ऊठ?"

"अगं, मी तिला म्हटलं!"

"माझंही तेच चाललंय, आई. एकची बस आहे. पाचच्या आत धुळ्याला पोचते."

मी गालात हसले. "आणि पत्र?"

तिने पर्स उघडली. पत्र!

कपाटाची एक किल्ली माझ्या कमरेला. दुसरी घरात एकाच माणसाकडे. मी टोकाच्या खुर्चीकडे वळून पाहिलं, तर अक्का शांतपणे पॉपकॉर्न खात होत्या. (तोंडात दात नसताना!)

"जाय वं माय, जाय!" त्या पल्लवीला म्हणाल्या. "घर मी देखसू. मन्हा माहेरलेच तं जाई ऱ्हायनी!"

मागच्या दोन रांगांनी टाळ्या वाजवल्या. नितीन म्हणाला, "आई, हिला बसस्टँडवर सोडून येतो," आणि गेला तो थेट धुळ्याला.

उरलो आम्ही दोघी सासवा. पडद्यावर किल्ल्याचा दरवाजा कोणीतरी आतून उघडला आणि बंडखोर आत शिरले. थिएटर नाचत होतं. मला मात्र काही दिसेना, डोळ्यांत पाणी आलं होतं. बत्तीस वर्षं जे गिळलं होतं ते तोंडातून बाहेर पडलं. "अक्का, तिला किल्ली दिलीत. मग मला का नाही जाऊ दिलं?"

अक्कांनी पडद्यावरची नजरही हलवली नाही. "तवय तू कोठे उठनी?"

खरंच, तेव्हा मी उठलेच नव्हते. शेवभाजी आम्ही दोघींनीच खाल्ली.

संध्याकाळी पल्लवीचा फोन आला. "आई, रुजू झाले!"

"बरं झालं," मी म्हटलं. घर एवढं मोठं आहे हे मला त्याच संध्याकाळी कळलं. मग आवाज शक्य तेवढा साधा ठेवून विचारलं, "शनिवारी येशील ना घरी?"

पलीकडून माझी सून गोड आवाजात म्हणाली, "बघू, आई."

पोरीने सूरसुद्धा हुबेहूब माझाच लावला होता. पंधरा दिवस रोज शिकवणी दिली होती ना मी!