राघूची मान

मी शाळेत चित्रकला शिकवते, आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या बांधकामांचे फोटो काढत फिरते. सटाण्याकडची देवळं, इगतपुरीजवळचे दगडी पूल, जिथं एसटी नेईल तिथं. पण रात्रीचे फोटो मात्र नाशकातच काढते. गोदाघाटाकडे उतरणाऱ्या एका बोळात दगडी दरवाजा आहे. वर नगारखान्याचा सज्जा, आणि सज्ज्याला खालून तोलणारे कोरीव राघू. संध्याकाळची आरती आटोपली की बोळ मोकळा होतो आणि पिवळ्या दिव्यात दगडावरचं काम उठून दिसतं.

बोळ इतका अरुंद की स्टँड लावला तर येणारा-जाणारा अडखळतो. म्हणून कॅमेरा हातातच धरायचा. विजेच्या खांबाला खांदा टेकवायचा, कोपरं बरगड्यांशी घट्ट, अर्धा श्वास सोडून थांबायचं आणि एका दमात आठ फोटो घ्यायचे. आठातला एखादा स्पष्ट येतो. त्या गुरुवारी एकही आला नाही. घरी येऊन संगणकावर पाहिलं, तर आठही हललेले.

ते पुसूनच टाकणार होते. पण तीन आठवड्यांपूर्वी त्याच खांबाला टेकून काढलेला फोटो आठवला, तो शेजारी उघडला. एकदा जुना, एकदा नवा, असं पाहत गेले. कमान जुळत होती, पायऱ्या जुळत होत्या. डावीकडचा राघू जुळेना. जुन्या फोटोत तो समोर बघत होता. नव्यात त्याची मान खाली झुकली होती.

हात हलला असेल, मी स्वतःला सांगितलं. मग आठही फोटो एकेक करून मोठे केले. प्रत्येकात हात वेगळ्या बाजूला हलला होता. राघू मात्र आठही फोटोंत सारखाच झुकलेला. त्याच्या मागे, भिंतीत, एक काळी फट होती. जुन्या फोटोत ती केसाएवढी होती.

त्या राघूच्या बरोबर खाली फुलवाल्या मावशी बसतात.

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी शाळेच्या आधी बोळात पोचले, तर मावशी झेंडूच्या पाट्या मांडून बसलेल्या. कपाळाला बुक्का, मांडीवर सुई-दोरा.

"मावशी, उठा इथून. वरचा दगड सुटलाय."

त्यांनी वरही पाहिलं नाही. "कुणी सांगितलं?"

"माझ्या फोटोत दिसतंय."

"अंधारात हातात धरून काढता ना ताई? हात हलला आसंल."

हेच मी रात्री स्वतःशी म्हटलं होतं. मोबाइलवर घेतलेला फोटो दाखवला. "मला त्यातलं काय कळतंय," म्हणत त्यांनी हार ओवायला घेतला. मग मी त्यांचा हात धरला. "एकदाच त्या खांबापाशी या आणि वर बघा. नाही पटलं तर बसा परत."

कुरकुरत उठल्या. खांबापाशी येऊन डोळ्यांवर हात धरला. वर बघितलं.

"तीस वर्सं बसते मी हितं," त्या म्हणाल्या. "कधी हिकडून बघितलंच नाय." आणि पुढच्या क्षणाला ओरडल्याच, "अरे ए, त्या दरवाज्याखालून कुणी जाऊ नका!"

दोघींनी मिळून पाट्या समोरच्या कट्ट्यावर नेल्या. मी पालिकेच्या कार्यालयात फोन केला. माणूस पाठवतो म्हणाले. शेजारच्या दुकानदारानं बोळाला दोरी बांधली. मला उशीर झाला होता, मावशींना माझा नंबर देऊन मी शाळेत गेले.

मधल्या सुट्टीत मावशींचा फोन आला.

"पडला ओ ताई."

"कुणाला लागलं?"

"नाय. कुनी नव्हतं."

उरलेले तास कसेबसे घेतले.

शाळा सुटल्यावर गेले. राघू आणि त्याच्याबरोबर सज्ज्याचे दोन दगड खाली आले होते. मावशींचा बसायचा लाकडी पाट घाईत तिथंच राहिला होता, त्याच्या चिरफळ्या झाल्या होत्या. खालची फरशी खचून टीचभर खड्डा पडला होता. मी त्या खड्ड्याकडे बघत उभी राहिले. आठही फोटो पुसायला माझं बोट बटणावर गेलं होतं, हेच पुन्हा पुन्हा डोक्यात येत होतं.

मावशी कट्ट्यावर होत्या. मला वाटलं, रडतील. त्या चिडलेल्या होत्या.

"हजारो लोक जातात खालून," त्या म्हणाल्या. "सगळे फोटो काढतात. येकानं तरी सांगायचं नाय?"

त्या 'सगळ्यां'मध्ये मीही होतेच. तीन आठवड्यांपूर्वीच्या फोटोतही ती फट होती, आणि मी फक्त दिव्याचा उजेड कसा पडलाय ते पाहिलं होतं. त्यांच्या सुईत दोरा जात नव्हता. मी घेतली, तर माझ्याही हातानं जाईना.

आता दरवाज्याला लोखंडी टेकू लावलेत, खालून रस्ता बंद आहे. मी महिनाभर कॅमेऱ्याला हात लावला नाही. नंतर एका रविवारी सगळे जुने फोटो काढून बसले आणि जोड्या लावून तपासले. इगतपुरीकडच्या एका पुलाच्या कठड्यातली फट वाढल्याची शंका आली. तिथल्या बांधकाम खात्याच्या कार्यालयाला दोन्ही फोटोंसह पत्र पाठवलंय. अजून उत्तर नाही. पुढच्या सुट्टीत स्वतः जाणार आहे.