बॉल लागला, पण मुद्दाम का?

क्रिकेटवाले भेटले की रन मोजतात. आम्ही जुने बेसबॉलवाले भेटलो की भांडणं आठवतो. एक निघालं की त्याच्या मागून दुसरं निघतं आणि चहा गार होतो. गोष्ट पन्नासच्या दशकातली. वर्धा तेव्हा मध्य प्रदेशात होतं आणि आमच्या कॉलेजात बेसबॉल होता. हे आज कोणाला सांगितलं, तर आधी मध्य प्रदेशाबद्दल शंका घेतात, मग बेसबॉलबद्दल.

खेळ आणला मानकर सरांनी. ते आमचे व्यायामशिक्षक. ट्रेनिंगहून येताना एक बॅट, थोडे हातमोजे आणि नियमांचं पुस्तक घेऊन आले. बेस म्हणून आम्ही बारदानात सरकी भरून उशा शिवल्या. वर्ध्यात सरकीला काय तोटा. एकानं बॅटनं बॉल मारायचा आणि उशीवरून उशीवर पळत पुन्हा बॅटच्या जागी, म्हणजे 'घरी', यायचं; तो एक रन. बाकीच्यांनी बॉल त्या उशीकडे फेकायचा. माणसाआधी बॉल पोचला आणि त्याला बॉलनं शिवलं, की आउट.

इतकं सोपं. पण फेकलेला बॉल पळणाऱ्यालाच लागला तर? आमची बहुतेक भांडणं या एका प्रश्नातून निघाली.

*

पहिलं भांडण पहिल्याच आठवड्यात झालं. गुलाब मडावी नावाचा आमचा मित्र होता, जंगलाकडच्या गावचा. त्याच्यासारखा पळणारा मी पुन्हा पाहिला नाही. तो दुसऱ्या बेसकडे सुटला आणि मागून रमणिकनं बॉल फेकला. रमणिक कापूस बाजारातल्या व्यापाऱ्याचा मुलगा. हातात जोर भरपूर, नेम मात्र बॉलच्या मर्जीवर. बॉल धपकन गुलाबच्या पाठीत बसला.

"सर, हा मधात आला. आउट द्या याले," रमणिक म्हणाला.

गुलाब पाठ चोळत म्हणाला, "माह्या पाठीले डोये हायेत का?"

सरांनी पुस्तक उघडलं. फेकलेला बॉल पळणाऱ्याला चुकून लागला, तर खेळ चालू. त्यानं तो मुद्दाम अडवला, तर तो आउट. मुद्दाम की चुकून, ते पंचानं ठरवायचं.

"पण सर, याच्या मनातलं तुमाले कसं समजन?" रमणिक हटेना.

सर म्हणाले, "पाठीला मन नसतं रे. कोपराला असतं. कोपर मारला असता तर विचार केला असता."

*

झालं. पाठीला मन नसतं हे कळल्याबरोबर सगळी टीम पाठ मध्ये घालून पळायला लागली. त्यातून रमणिक तर हात पसरून, पंख फडफडवल्यासारखा पळायचा. एका संध्याकाळी फेकलेला बॉल त्याच्या हाताला लागून लांब गेला. सरांनी बोट वर केलं.

"काऊन सर? माहे हात असेच हालतात. सवय हाय."

"असं? रोज सकाळी तू बाजारातून चालत येतोस, तेव्हा मी तुला पाहतो," सर म्हणाले. "तेव्हा तर दोन्ही हात खिशात असतात."

"तेव्हा मी पळत नसतो, सर."

"परीक्षेच्या दिवशी पळत आला होतास. तेव्हाही खिशातच होते."

रमणिक बाहेर जाऊन बसला. त्या दिवसापासून तो खिशात हात घालून कॉलेजात यायचा बंद झाला. सरांना पुरावा मिळू नये म्हणून.

*

मैदानाला कुंपण नव्हतं. एकदा खेळ रंगात असताना एक बैल शांतपणे आत आला आणि त्यानं आमच्या दुसऱ्या बेसमध्ये तोंड घातलं. सरकीची उशी, त्याच्या दृष्टीनं कोणीतरी पंगत मांडून ठेवलेली. गुलाब नेमका तिकडेच पळत होता. बॉल आला, बैलाच्या पोटाला लागला आणि खाली पडला. बैलानं शिंगं वळवली तसा गुलाब जागच्या जागी थांबला. मी बॉल उचलून त्याला लावला.

"आउट," मी म्हणालो.

"मंग बेस दाखव मले," गुलाब म्हणाला. "मी शिवतो."

बेस बैलाच्या तोंडात होता.

तेवढ्यात बैलाचा मालक धावत आला. सगळे वाद घालत आहेत हे पाहून तो सरांपुढे हात जोडून म्हणाला, "माह्या बैलानं मुद्दाम नाई केलं, मास्तर."

सरांनी बैलाकडे नीट पाहिलं. "मुद्दामच केलं. सरकीचा वास घेत सरळ आला तो. गुलाब सेफ. बैल आउट."

मालकानं बैल ओढत नेला. दुसऱ्या दिवशी मात्र तो मैदानाच्या कडेला उभा दिसला. जरा वेळानं जवळ येऊन त्यानं विचारलं, "ते नवं पोतं कधी भरून राह्यले?"

*

अल्लीपूरला जत्रेच्या निमित्तानं आमचा खेळ ठेवला होता. सारं गाव लोटलं. पण गावाला बॉलचा एकच खेळ ठाऊक, एकमेकांना नेम धरून मारायचा. त्यामुळे सुरुवातीला लोक कंटाळले. मग रमणिकचा एक बॉल चुकून गुलाबच्या मांडीवर बसला आणि मैदान टाळ्यांनी दुमदुमलं.

सरांनी हात पसरून "सेफ" म्हटलं. पहिल्या रांगेत बसलेले पाटील उठून आत आले.

"मास्तर, इतका झकास नेम लागला. अन् तुमी आउट देत नाई?"

"पाटील, माणसाला मारलं तर आउट होत नसतो या खेळात."

पाटील विचारात पडले. "मंग मारलं कायले?"

सरांनी पुस्तकातला नियम पुन्हा समजावला. पाटलांनी तो ऐकून घेतला, मान डोलावली आणि शेवटी बक्षीस द्यायच्या वेळी स्वतःचाच निकाल दिला: रमणिकला नारळ आणि गुलाबला मांडीला लावायला हळद.

*

शेवटचा किस्सा मी नेहमी शेवटीच सांगतो. पुढे कॉलेज सोडेपर्यंत आम्ही त्याच मैदानावर खेळलो, ते या एका संध्याकाळमुळे.

नागपूरची एक टीम आमच्याकडे खेळायला आली होती. बॉल गुलाबच्या खांद्याला लागला, त्यावरून वाद पेटला आणि वादात दोन शर्ट फाटले. प्रिन्सिपॉलांनी सरांना बोलावून घेतलं. "मानकर, हा खेळ आहे का कोर्टकचेरी? मैदान व्हॉलीबॉलला देऊन टाकतो." सरांनी खूप विनवलं. अखेर ठरलं, की प्रोफेसर विरुद्ध विद्यार्थी असा एक सामना प्रिन्सिपॉलांसमोर खेळायचा. एकानं जरी पंचाशी वाद घातला, तर बॅट कायमची कपाटात.

प्रोफेसरांना माणूस कमी पडत होता, म्हणून सरांना खेळावं लागलं. मग पंच कोण? प्रिन्सिपॉल म्हणाले, "तुमच्या मिसेसना बोलवा." मानकरकाकू मुलींच्या शाळेत शिकवायच्या. नियम त्यांना पाठ होते, कारण सर आमच्यापुढे बोलायचं ते आधी घरी म्हणून दाखवत. पदर खोचून काकू उभ्या राहिल्या.

शेवटचा डाव. आम्ही एका रननं पुढे. तिसऱ्या बेसवर गणिताचे प्रोफेसर, पहिल्यावर मानकर सर. बॉल जमिनीवरून आला, सर दुसऱ्या बेसकडे सुटले. तिथे मी उभा होतो. गुलाबनं बॉल माझ्याकडे फेकला, तो सरांच्या हाताला लागला आणि पार मैदानाबाहेरच्या विहिरीकडे गेला. गणिताचे प्रोफेसर धापा टाकत घरी पोचले. बरोबरी.

आमच्यातल्या एकानंही तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर मैदान गेलं असतं. रमणिक तर स्वतःच्या तोंडावर हात दाबून उभा होता. प्रिन्सिपॉल खुर्चीत पुढे सरकून बसले.

काकूंनी बोट वर केलं. "आउट. गणिताचे सर, तुम्ही तिसऱ्या बेसवर परत जा."

सर थबकले. मग तरातरा काकूंकडे निघाले. आयुष्यभर आम्हाला 'पंचाशी बोलायचं नाही' म्हणून दरडावणारा माणूस. मी मागोमाग गेलो, त्यांना आवरायला. 

"मी चेहरा वाचवायला हात वर केला," सर प्रिन्सिपॉलांना ऐकू जाणार नाही अशा दबक्या आवाजात म्हणाले. "मुद्दाम कशावरून?"

शाळेत आणि चारचौघांत काकू पुस्तकी भाषा बोलत. त्या वेळी मात्र घरातल्या आवाजात बोलल्या.

"बॉल लागला का माणूस पहिले आपला हात पाहते. तुमी पहिले माह्याकडं पाहिलं."