इरल्यातली आई

आमच्या कासार आंबोलीत गोजराबाईएवढी येडी बाई म्या दुसरी बघितली न्हाई. मी धोंडाबाई, तिच्या भिंतीला भिंत लावून ऱ्हाते. मला म्हनायचा हक्क हाय.

पोटी पोर न्हाई, नवरा गेलेला, एक पाय अधू. चिखलात उभं ऱ्हाता येईना म्हनून भातलावनीच्या दिसांत बांधावरच्या खोपटात ती आमची तान्ही पोरं सांभाळायची. पयला शब्द पोरं तिच्याच तोंडचा उचलायची. ती खाचराकडं बोट करायची, "ती बघ, आई!" आता खाचरात दिसनार काय? वाकलेल्या बायका, आन् डोक्यापासनं कमरेपत्तूर पाऊस अडवायचं पानांचं इरलं. तोंड कुनाचंच दिसायचं न्हाई.

सत्तावन सालची गोष्ट. शेजारच्या कुशाबाची बायको रंभा इरलं उतरवून नथूला पाजायला बसली, तर ते वरीसभराचं पोरगं भिंतीला टेकवलेल्या इरल्याकडं बोट करून म्हनतंय, "आई!" आमी हसून हसून लोळलो. रंभाबी हसली. "मंग मी कोन रं, लबाडा?"

गोजरा म्हनाली, "कळंल गं त्याला. चार दिस थांब."

चार दिस कसले! गौरीच्या आदीच रंभा तापानं गेली. कुशाबा डोकं धरून बसला, आन् पोर गोजराच्या वटीत आलं. घास तोंडात घेईना, नुसतं रडायचं. गोजरानं रंभाचं इरलं मागून आनलं, सोताच्या डोक्यावर घेतलं आन् भात भरवला. खाल्ला की मेल्यानं! मंग रोज तेच. भर चैतात बया घरात इरलं घालून बसायची. मी म्हनायची, "अगं, छप्पर गळतंय का काय?" ती घामानं निथळत हसायची.

एक दिस नथूनं ते इरलं दोनी हातांनी वडून काढलं. तिच्या तोंडाकडं टक लावून बघितलं, गालाला हात लावला आन् म्हनाला, "आई." गोजरा तशीच लंगडत माझ्याकडं पळत आली. चाळीस वर्साच्या बाईला तवा पयल्यांदा कुनी आई म्हनलं व्हतं.

वैशाखात कुशाबानं दुसरी केली. केली तर केली, पर पंधरा दिसांत पोर न्यायला आला, त्याचा मला अजून राग हाय. नवी पोरगी बिचारी दारात अवघडून उभी. नथू गोजराच्या लुगड्यात तोंड खुपसून बोंबलाय लागला.

गोजरानं इरलं आनलं, आपल्या हातानं नवीच्या डोक्यावर घातलं. "आता बोलव त्याला."

नथू गेला. वाकून इरल्याच्या आत बघितलं. मंग ते वडून काढलं, फरफटत परत आनलं आन् गोजराच्या मांडीवर टाकलं. "आई," तिलाच म्हनाला.

मला वाटलं, जिंकली! आता कशाला देतीया. पर त्या येडीनं, बांधावर करायची तसंच, नवीकडं बोट केलं. "मी न्हाई रं. मी मावशी. ती बघ, आई."

पोर पुन्यांदा तिलाच म्हनालं, "आई." तिनं मान हलवली. "ती बघ." किती येळा म्हनली कुनास ठावं. मला बघवंना, मी भिंतीकडं तोंड केलं. शेवटी पोरानं ऐकलं. सगळे शब्द तिच्याकडनंच घेतले व्हते, 'मावशी' त्योबी घेतला.

ती मंडळी गेल्यावर मी भांडले तिच्याशी. "का गं आसं केलंस?"

"त्याला तितंच ऱ्हायाचंय, धोंडे," ती म्हनाली. "आई हितं ठिवून पोर तितं कसं जगंल?"

नथू आता धा वर्साचा हाय. येता-जाता "मावशे" म्हनून हाक मारतो, गोजरा "ओ" देती. लावनीला पोरंबी सांभाळती अजून. फकस्त खाचराकडं बोट करत न्हाई.