आवडाबाईला समुद्र नको होता

एकसष्ट साली, माघात, रेवदंड्याची आवडाबाई कोळीण कडेवर रांगता भिकू आणि हाताशी आठ वर्षांची गोदू घेऊन मुरुडला उतरली. तरीनं खाडी ओलांडून, पुढं एस.टी. दुसऱ्या दिवशी सकाळी मच्छीमारांची सभा होती. बाजारातले मासळीचे ओटे पुरुषांच्या नावावर करायचा ठराव येणार होता, आणि उभं राहून त्याला 'न्हाय' म्हणायला रेवदंड्याच्या बायांनी हिलाच निवडली होती. सही येत नव्हती, पण तोंड असं की लिलावातले व्यापारी चळचळा कापायचे.

नवरा होडीवर, घरात मागं बघणारं कुणी नाही, म्हणून पोरं बरोबर. सभेत पोर रडलं की पुढारी काय म्हणणार हे तिला पाठ होतं: बाई, तुम्ही आपल्या घरी जा! तेव्हा गोदू भिकूला दोन तास एकटी सांभाळील अशी खोली तिला हवी होती. पलंग-आरसा गेला खड्ड्यात.

लॉजवाला शिवदास शेट नातीला कडेवर घेऊन गल्ल्यामागे उभा होता. त्यानं आधी हिच्या डोक्यावरची टोपली पाहिली, मग नाक मुरडलं.

"मागली खोली आहे, बघ."

मागल्या खोलीत आवडाबाईनं भिकूला जमिनीवर सोडला आणि नुसती बघत राहिली. भिकू तुरुतुरु निघाला तो थेट मागच्या दारानं, वाडीतल्या रहाटाच्या विहिरीकडे. विहिरीला कठडा नव्हता. तिनं त्याला तंगडीला धरून मागं ओढला.

"दुसरी दावा."

"खोली बघतेस की म्हैस?" शेट हसला, पण माडीवर घेऊन गेला. "ही घे. समुद्र दिसतो. मुंबईची माणसं हिच्यासाठी भांडतात."

"समुद्र मी रोज बघते, शेट. घरधनी त्याच्यावरच असतो."

तिनं भिकूला पुन्हा खाली सोडला. खिडकी जमिनीपासून वीतभर, गज नाहीत. कार्टं तिकडंच.

"जिन्याजवळची पुढली खोली हाय ना? येताना दार उघडं व्हतं. मोरी आत, खिडकी छातीइतकी उंच, कडी गोदूच्या हाताला लागंल, याच्या न्हाय. ती द्या."

"ती साहेबलोकांची. कोळणीला दिली तर चार दिवस वास जात नाही."

आवडाबाईच्या अंगाची लाही झाली. पण शिवी तिनं गिळली.

"शेट, तुमची नात जरा खाली सोडा. हितंच."

"का म्हणून?"

"सोडा की! हवेशीर हाय."

शेटचा हात नातीभोवती आवळला. तो एक पाऊल मागं सरला, खिडकीपासून लांब.

"मग माझं पोर काय बोंबील हाय, वाऱ्यावर वाळत घालायला?"

शेट तरातरा खाली गेला, फळीवरची पुढल्या खोलीची चावी काढली आणि मागोमाग उतरलेल्या आवडाबाईच्या पायाशी फेकली. गोदू वाकली. आईनं तिचा दंड धरला.

"उचलायची न्हाय. शेट, हातात द्या."

दारात दोन गिऱ्हाइकं थांबून मजा बघत होती. शेट लालबुंद झाला, वाकला.

"घ्या, बाई. उद्या दुपारी खोली रिकामी पाहिजे."

"सभा उरकली की."

सकाळी गोदूनं आतून कडी घातली. आवडाबाईनं बाहेरून दार दोनदा ढकलून पाहिलं आणि मगच निघाली.

ओटे बायांच्याच नावावर राहिले. त्या दिवशी सभेत तिच्यापुढं मान खाली घालून बसलेले पुढारी आता सांगत फिरतात, आम्हीच ठराव पाडला. तोंड वर करून सांगतात, मेले!