नसीरची मोकळी कड

नसीर गेल्याची बातमी मला त्याच्याच फिरत्या चेहऱ्याने दिली. सकाळी मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत होतो, मोबाईल वाजला. वर्गमित्रांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं... वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, दोन्ही बाजूंना समया, आणि मधे झेंडूच्या हारात गरगर फिरणारा नसीर. फिरताना तोंड धुरकट व्हायचं, कडा करवतीसारख्या दातेरी दिसायच्या. खाली सगळ्यांनी जोडलेल्या हातांची चित्रं टाकली होती. नसीरच्या घरी समया चालतील का, एवढा विचारही कुणी केला नव्हता. मला रडू यायच्या आधी किळस आली. सहा आठवडे झाले, ती अजून गेलेली नाही.

मंगरूळपीरला बसस्टँडमागे नसीरचं नि माझं दुकान. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम माझं, हाताचं काम त्याचं. आसपासच्या व्यापाऱ्यांच्या वेबसाइटसाठी हलत्या जाहिराती करायच्या, म्हणजे कुठे पंखा फिरव, कुठे ट्रॅक्टरचं चाक. त्याचे अब्बा पाट्या रंगवायचे, आणि अक्षराची कड तपासायला त्यांच्याकडे पितळी दांड्याचं एक भिंग होतं. ते नसीरकडे आलं. हा पठ्ठ्या ते चक्क मॉनिटरला लावून बसायचा. आधी मी हसायचो, मग चिडायला लागलो. तो काही संत नव्हता. वेळ कधी पाळायचा नाही, आणि काम वाईट दिसलं की समोरच्याच्या तोंडावर ‘छी’ म्हणायचा.

चित्र फिरवलं की सॉफ्टवेअर त्याचे ठिपके नव्याने मांडतं आणि त्यात ते पुसट होतं. त्यावर नसीरचे दोन नियम होते. चित्र हवं त्याच्या दुप्पट मापाचं घ्यायचं आणि पडद्यावर निम्मं करून बसवायचं. शिवाय त्याच्याभोवती पारदर्शक, मोकळी कड सोडायची, म्हणजे फिरताना काठ तुटत नाही. “चित्राले बी फिरायले जागा लागते, गजू,” असं म्हणायचा. एका मिठाईवाल्याची फिरती जिलबी त्याने तीनदा पुसून नव्याने केली, तेव्हा तो मिठाईवाला वैतागून दुकानात आला. “अरे भाऊ, लोक जिलबी खातेत का तिची कड मोजतेत?” नसीरने भिंगातून डोळा न काढता विचारलं, “तुमी जळकी जिलबी देता का कोनाले?” तो बिचारा बाकावर बसून वाट पाहू लागला.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला माझीच शिसारी येते. समयांचा, हाराचा तो फिरता साचा माझा होता. मी केला होता, एकट्याने, एका दुपारी. लिंक उघडायची, फोटो टाकायचा, नाव लिहायचं, की झाली श्रद्धांजली तयार. दुकानाचं नाव होईल म्हणून फुकट वाटला. फोटोची जागा लहान ठेवली, कड सोडलीच नाही. नसीरने एकदाच पाहिला आणि तोंड वाकडं केलं. “छी! दुप्पट घे, कड सोड. दोन दिवस थांब, मी करून देतो.”

“मेलेल्या मानसाचा फोटो कोन बारकाईनं पायते बे?” मी म्हणालो.

“त्याच्या घरचे पायतेत,” तो म्हणाला. मी थांबलो नाही...

मातीनंतर चार दिवसांनी त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने, भाभींनी, मोबाईल माझ्यापुढे धरला. “गजूभाऊ, ह्यायचं तोंड याच्यात असं काहून दिसून राह्यलं? ह्यायले तर असं काम बिलकुल चालत नव्हतं. कोनं केलं हे?” मी त्या माउलीला म्हणालो, “कोन जाने, भाभी.” त्यांनी चहा दिला. मी तो प्यायलोही.

तिथून थेट दुकानात गेलो. समया काढल्या, हार काढला, दुप्पट माप घेतलं, कड सोडली. त्याचा मूळ फोटो घालून फिरवला आणि भिंग लावलं. भुवईचा केस न् केस वेगळा दिसत होता. तो भाभींना पाठवला आणि सोबत लिहिलं की आधीचा साचाही माझाच. त्यांनी पाहिल्याची खूण आली. उत्तर आजपर्यंत आलेलं नाही, आणि ते मागायचं तोंड मला नाही.

आमच्या लिंकवरचा साचा दुरुस्त झाला, पण लोकांनी जुन्याच्या इतक्या नकला करून ठेवल्यात की तो आता कुणाच्याच हातात राहिलेला नाही. रोज सकाळी कुठल्या तरी ग्रुपवर येतो. काल मानोऱ्याकडच्या एका आजींचा आला. नसीरचं भिंग मॉनिटरशेजारी असतं, त्याच्या सवयीच्या जागेवर. मी ते उचललं, आणि तसंच खाली ठेवलं. आजींचं तोंड फाटत होतं, ते नुसत्या डोळ्यांनीच दिसत होतं.